कांदा दुबईला जायचा तेव्हा

नगरजवळच्या एका शेडमध्ये आम्ही चाळीस बायका कांदा निवडायला बसायचो. मोठा, एकसारखा कांदा परदेशी जाणार; बारीक गोल्टी आणि मोड आलेला बाजूला.

रोज्यांच्या दिवसांत पाथर्डीकडची एक बाई नव्यानं कामाला आली. माझा रोजा असायचा; माझ्यासमोर डबा उघडायला तिला संकोच वाटायचा, म्हणून भाकरी घेऊन ती गोण्यांच्या थप्पीमागं जाऊन बसे. एके दिवशी मीच तिला हाताला धरून ओढून आणलं, आणि मग आमचं जमलंच.

दर दिवाळीनंतर ती मुलीला घेऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. त्या वर्षी गेली नाही. नवरा आमच्याच शेडमध्ये गोण्या उचलायचा, सातवीतली मुलगी शाळेत जायची.

"भाभी, दिवाळीनंतरचे धडे पोरीनं पयल्यांदाच बघितले," ती सांगायची. कंटेनर निघाला की दारात जाऊन उभी राहायची. "दुबईच्या मान्सांला लई कांदा खाऊ दे रं देवा!"

एका सकाळी शेट म्हणाले, सरकारनं निर्यात बंद केली. इथं कांदा महागला होता. तो स्वस्त व्हावा असं मलाही वाटत होतं, मीही विकतच घेऊन खाते. पण भरलेला कंटेनर परत रिकामा केला, आणि आठवड्याभरात चाळीसजणींतल्या आम्ही दहा उरलो. ती त्या दहांत नव्हती.

"दिराच्या ऊसतोडीच्या टोळीत एक जोडी कमी हाय. निघतो आमी," ती म्हणाली.

"आणि पोरगी?"

"तिला कुनापाशी ठिवू?"

माझ्याकडं ठेव, हे शब्द ओठांवर आले होते. दोन खोल्या, सात माणसं. तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग गोधडीचं गाठोडं उचललं.

काही महिन्यांनी निर्यात पुन्हा सुरू झाली. शेड वाढली, समोरचा रस्ता डांबरी झाला. निवडायला मशिन आलं आणि मला त्यावर कायम ठेवलं.

गुढीपाडव्याला टोळ्या गावी परततात, म्हणून जीपनं मी तिच्या गावी गेले. ती गळ्यात पडून रडली. मुलीनं चहा आणला. उंच झाली होती. कितवीत आहेस, असं विचारणार होते; आईनं डोळ्यांनीच थांबवलं.

"मशिन आलंय म्हनं?"

"आलंय."

"मंग आमाला कुठली जागा!"

"मी बोलते शेटशी."

बोललेही. ते "बघू" म्हणाले. त्याला आता दोन हंगाम झाले. सरकत्या पट्ट्यावरून कांदा जात असतो, आणि मला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. पण मशिनच्या आवाजात शेजारणीचंही ऐकू येत नाही.