श्वासाची जागा

शबानाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या खोलीत पत्रकाचं प्रूफ वाचत होते. दुपारचे बारा वाजले असतील. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘अब्बू…’ आणि थांबली. कुणी बोलता बोलता थांबलं की त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकायची मला वाईट खोड आहे. त्या दिवशी मी तसं केलं नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि थांबले. पलीकडे कुणी बाई रडत होती, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि मग शबाना म्हणाली, ‘अब्बू गेले. सकाळचा रियाज केला, चहा मागितला… चहा उतू गेला म्हणून दुसरा ठेवला मी. तेवढ्यात.’ असं थांबायला मला शिकवलं ते हमीदकाकांनीच, शबानाच्या अब्बूंनी. त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी शिकवलं, आणि तेही माझ्या हातून एक चूक घडल्यावर. ते जाऊन सहा आठवडे झाले. ती चूक लिहून काढल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येत नाही.

हमीदकाका माझ्या बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघंही मूर्तिजापूरचे. बाबा अमरावतीला आले आणि एका खोलीत जुनं छपाईयंत्र टाकून शेतकऱ्यांच्या चळवळीची पत्रकं छापत बसले. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच्या जाड मथळ्यांवरून, आणि ‘निषेध’ हा शब्द मला ‘नदी’च्या आधी लिहिता येत होता. हमीदकाका गेले अकोल्याकडे. तिथल्या एका धान्यबाजारात पंचवीस-तीस वर्षं ते हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारत होते. तुरीचे, हरभऱ्याचे ढीग ओळीनं पडलेले, व्यापारी एका ढिगाकडून दुसऱ्याकडे सरकताहेत, आणि त्यांच्या पुढे उलटा चालत, हात उंच करून भाव पुकारणारा उंच, सडपातळ माणूस, हे माझ्या लहानपणीचं त्यांचं चित्र. त्यांना भोंगा लागत नसे. आमच्या घरी आले की बाबा म्हणायचे, ‘हमीद, हळू बोल, शेजारच्यांले वाटते भांडण सुरू हाय.’ काका म्हणायचे, ‘हळूच बोलून राहिलो ना.’

त्या बाजाराचा एक रिवाज होता. बोली उभी असताना पुकारणाऱ्यानं श्वास घ्यायचा नाही. म्हणजे घ्यायचा, पण तो कुणाला कळता कामा नये. भाव पुकारत राहायचं, आवाज तुटू द्यायचा नाही. तो थांबला की शेवटचा भाव कायम, ढीग विकला गेला. लाकडी हातोडा नाही, घंटा नाही. त्याचं गप्प होणं हाच शिक्का. काकांनी हा श्वास असा लपवायला शिकून घेतला होता की माणूस कधी दम घेतो हे बाजूला उभं राहूनही कळत नसे.

एकदाच चुकले. तुरीचा हंगाम होता, धूळ उडत होती, आणि चौदा नंबरच्या ढिगावर भाव चढता असताना त्यांना खोकला आला. भीतीनं त्यांनी तो दाबला, दाबता दाबता आवाज बंद पडला. दोन क्षण, जास्त नाही. व्यापारी पुढच्या ढिगाकडे सरकले. ढीग तेल्हाऱ्याकडच्या एका बाईचा होता, एकटीच आली होती. ती भांडली नाही. रिकाम्या बारदानावर बसली आणि काकांना विचारलं, ‘झालं का, भाऊ?’ काका म्हणाले, झालं. परत बोली लावा असं सांगायची ताकद त्यांच्यात नव्हती आणि तसा रिवाजही नव्हता. त्या रात्री अमरावतीला येऊन त्यांनी हे बाबांना सांगितलं. पुन्हा पुन्हा एकच सांगत होते… ‘म्या तिचं नाव भी नाई विचारलं. चौदा नंबर म्हणलं, दुसरं काईच नाई.’ बाबांनी त्यावर, पीक सोंगणाऱ्या, म्हणजे कापणाऱ्या बाईवर, दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला छापल्या:

उन्हात सोंगलं जिनं, सावलीत बसू द्या तिले…
तिचं नाव घेतल्याबिगर भाव बोलू नका.

बाबा गेले, यंत्र भंगारात गेलं, चळवळीचं काम माझ्याकडे आलं. ते पत्रक काकांच्या पाकिटात राहिलं.

दीड वर्षापूर्वी काकांचा घसा पूर्ण बसला. डॉक्टरांनी सांगितलं की धान्याच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होत चालली आहेत, ओरडणं बंद करा, आणि बोलताना मध्ये मध्ये दम घ्या. दुसरी गोष्ट त्यांना जमेना. वाक्य सुरू केलं की ते शेवटपर्यंत एका दमात नेत आणि मग भिंतीला धरून उभे राहत. शबाना बोटाला ते प्राणवायू मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावून आकडा बघायची आणि मला फोनवर सांगायची. मी आकडा ऐकून सभेला जायची, सभेत तोच आकडा डोक्यात. मग एक दिवस तिनं सांगितलं की अब्बूंनी मोबाइलवर गाण्याचा क्लास लावलाय. पुण्याच्या एक बाई आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर आवाज शिकवतात.

मला राग आला, हे कबूल करते. सोयाबीन घराघरात पडून होतं, तूर मातीमोल जात होती, आम्ही रोज एका गावात पत्रकं वाटत होतो, आणि आमचा पुकारणारा माणूस सा लावायला बसला होता. मी फोनवर बोललेही तसं. ते म्हणाले, ‘ओरडाले तुमी हायेच ना सारे. मले तुया बापाचं ते दोन ओळींचं गाणं म्हणाचं हाय. एकदा, चार लोकांसमोर, पुरं.’

म्हणून एका गुरुवारी मी अकोल्याला जाऊन तो क्लास पाहिला. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला, समोर पाटावर काका इस्त्रीचा सदरा घालून. शिकवणाऱ्या बाई शबानाच्या वयाच्या. काका त्यांना मास्तरीणबाई म्हणत. घशावर ताण न येता आवाज निघावा म्हणून त्यांनी एक व्यायाम दिला होता: ग्लासात पाणी घ्यायचं, नळी बुडवायची, आणि नळीतून सूर धरत बुडबुडे काढायचे. घरात नळी नव्हती. काकांनी शेजाऱ्यांच्या परसातल्या पपईच्या पानाचा देठ कापून आणला होता. मास्तरीणबाई पडद्यावर जवळ येऊन बघू लागल्या.

‘काका, हे काय आहे?’

‘पपईचा देठ. आतून पोकळ असते. तुमच्याकडं पपया नाईत काय, मास्तरीणबाई?’

‘आहेत. आम्ही खातो.’

‘मंग देठ फेकून देत असान. नुकसान हाय.’

त्या हसल्या, आणि पुढे मात्र चांगल्याच कडक झाल्या. पहिली ओळ म्हणून झाली की त्यांचा हात वर व्हायचा. ‘इथे श्वास. चार मोजा, मग दुसरी ओळ.’ काका पहिल्या ओळीवरून थेट दुसरीत घुसायचे, दुसरीच्या मध्यावर आवाज चिरायचा, चेहरा काळानिळा पडायचा, आणि मी दाराशी उभी राहून शबानाचा हात घट्ट धरायची. पुन्हा, मास्तरीणबाई म्हणायच्या. पुन्हा तेच. अखेर त्यांनी विचारलं, ‘काका, तुम्ही थांबत का नाही? तुम्हाला त्रास होतोय.’ काका घाम पुसत म्हणाले, ‘थांबलो की माल जाते, बाई.’ त्यांना काही कळलं नाही. मग काकांनी त्यांना चौदा नंबरचा ढीग सांगितला, सगळा, बारदानावर बसलेल्या बाईसकट. पडद्यावरच्या त्या मुलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘इथे कुणी बोली लावत नाहीये. तुम्ही गप्प झालात तरी गाणं तुमचंच राहतं.’ त्या दिवशी मी तिच्याविषयी मनात बाळगलेली सगळी पत्रकी भाषा मागे घेतली.

सहा महिने लागले. आधी एक मोजायला शिकले, मग दोन. आमचे फोन बदलले. बोलता बोलता ते अचानक गप्प व्हायचे आणि मी फोन कानाला दाबून धरायची. ‘काका? काका, आहात ना?’ मग पलीकडून सावकाश, ‘हाय ना. दम घेऊन राहिलो. तुले वाटलं, गेला म्हातारा.’ ते हसायचे. मला हसू यायचं नाही. त्या गप्प जागेत मी दर वेळी त्यांना मेलेलं पाहत असे, दर वेळी ते परत येत. या भीतीची सवय होत नाही. होते असं म्हणणाऱ्यांनी कुणाच्या श्वासाकडे कान लावून दिवस काढलेला नसतो.

फेब्रुवारीत मूर्तिजापूरला तुरीच्या सरकारी खरेदीसाठी सभा ठरली. स्टेशनजवळचं मैदान, पलीकडे बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीचे गवतात बुडालेले रूळ. काकांचं गाणं सुरुवातीला ठेवलं ते मीच, आणि ठेवल्यापासून पस्तावत होते. आदल्या दिवशी शबानानं कळवलेला आकडा चांगला नव्हता. ‘राहू द्या, काका,’ मी म्हणाले. ते म्हणाले, ‘तेल्हाऱ्याच्या बाया येऊन राहिल्या म्हणे. कोण जाणे… त्यांच्यातली एखादी ती असन.’

टेम्पोतून उतरलेल्या बाया पुढे बसल्या होत्या. काकांनी माइक बाजूला सारला. मी तो हातात धरून त्यांच्या शेजारी उभी राहिले, नजर त्यांच्या छातीवर. पहिली ओळ त्यांनी हळू म्हटली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा तो आवाज ऐकला. त्यात पुकारणं नव्हतं. ‘सावलीत बसू द्या तिले…’ मैदान इतकं शांत झालं की मागे उभ्या टेम्पोचं इंजिन ऐकू येत होतं. आणि ते थांबले. चार मोजायचे होते. मला माहीत होतं, सहा महिने मला ते माहीत होतं. पण त्यांचा हात छातीकडे गेला, खांदे वर झाले, ओठ निळे दिसले की मला तसे वाटले, ठाऊक नाही… मी माइक तोंडाला लावला आणि ओरडले, ‘शेतकरी एकजुटीचा…’ मैदान गरजलं, ‘विजय असो!’ एकदा, दोनदा, तीनदा. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचा श्वास घेऊन झालेला होता. तोंड दुसऱ्या ओळीसाठी उघडलेलं होतं. ते त्यांनी मिटलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, ‘झालं का गाणं?’ काकांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

सभा चांगली झाली असं सगळे म्हणाले. बायांनी तेवढंच ऐकलं की बिचारीला सावलीत बसू द्या. दया ऐकली. नाव घेतल्याशिवाय भाव बोलू नका, ही त्या गाण्यातली खरी मागणी होती, आणि ती माझ्या घोषणेखाली गेली. आम्ही मंडळी आवाजावर फार भरवसा ठेवतो. कुठे शांतता पडली की आम्हाला ती आमच्या भाषणातलं भोक वाटते आणि आम्ही बोळा कोंबतो.

चहाच्या गाडीवर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. काकांनी बशीत चहा ओतला. ‘लवकरच सौदा पक्का केला वं तुनं,’ ते म्हणाले. मी म्हटलं, मला भीती वाटली. ‘भेवानंच होते ते,’ ते म्हणाले. ‘मायं भी भेवानंच झालं होतं.’ मग पाठीवर हात ठेवून, ‘पुढच्या सभेत पुरं म्हणतो. तू फक्त गप्प राहजो.’

पुढची सभा तेल्हाऱ्याला ठरली होती. त्याआधी, मूर्तिजापूरनंतर आठवड्यानं, त्यांनी मला मोबाइलवर एक आवाज पाठवला. तो मी एकदाच ऐकला आणि कुणाला ऐकवला नाही, शबानालाही नाही. मग पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

मी अकोल्याला पोहोचले तोवर मयत उठली होती. बायांच्या घोळक्यात शबानाजवळ बसून राहिले. संध्याकाळी घर जरा मोकळं झालं तेव्हा ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तांदळाचा डबा, त्यासमोर पाट. खिडकीत स्टीलचा ग्लास, सकाळचं पाणी तसंच, त्यात पपईचा देठ, वरच्या टोकाला दातांच्या खुणा. ‘फेकवत नाही,’ ती म्हणाली. मी म्हटलं, फेकू नको. मग पर्समधून मोबाइल काढला आणि पाटावर ठेवला, ते ठेवायचे तसा डब्याला टेकवून.

आधी त्यांचं बोलणं आलं. ‘आता मधात बोलू नको वं. शेवटपर्यंत ऐक.’ नंतर पाण्याचे दोन-चार बुडबुडे, घसा साफ केल्याचा आवाज, आणि पहिली ओळ. हळू, सरळ, कुठेही न चिरता. ‘…सावलीत बसू द्या तिले.’ मग काहीच नाही. लांब कुठेतरी सायकलची घंटी. पडद्यावर वेळ पुढे सरकत होती. शबानाचे डोळे भरले होते, तिनं हात पुढे केला आणि मोबाइल बंद करायला बोट नेलं.

‘झालं?’ तिनं विचारलं.

मी तिचा हात धरला. ‘नाही,’ म्हटलं, ‘थांब.’

त्यांनी श्वास घेतला. तो स्पष्ट ऐकू आला, लपवलेला नव्हता. आणि दुसरी ओळ आली.