डाव्या सीटचं वजन

माझ्या नवऱ्यानं मले वाळूच्या बोरीच्या जागी बसवलं होतं.

गॅरेजमधे. चार लोकायसमोर.

आज त्यायले जाऊन वर्ष झालं.

गाडीनं नाही गेले, आधीच सांगून देते. दुपारी जेवले, झोपले, उठलेच नाही. पण यायची, म्हणजे तुमच्या सुधाकर भैयाची, रेसिंगची गाडी होती न, म्हणून पाऱ्यातले, मोहल्ल्यातले लोक अजून विचारतात. आता विचारू नका.

पोरगी म्हणे, मम्मी, मैं लिख देती हूँ, अच्छे से. म्हटलं राहू दे. तू अश्रू-बिश्रू टाकशील. मी सातवी पास हाय. फोनात बोलते, फोन लिहिते.

तर गाडी.

यायची सारी नोकरी इथं रायपूरले रेल्वेच्या वर्कशॉपमधे गेली. वॅगनच्या स्प्रिंगा. रिटायर झाले अन् नागपूरहून जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. लाल. दोनच सीट.

मी म्हटलं, दोनच काहून?

म्हणे, पोरगी तिच्या घरी. आता आपण दोघंच न.

ऐकाले चांगलं वाटलं.

मंग यायच्या डोक्यात ट्रॅक शिरला. गाड्यायच्या क्लबातले पोट्टे दुसऱ्या राज्यात जात, तिथं रेससाठी वेगळा रस्ता बांधून ठेवला हाय. वळणावर गाडी झुकाले नाही पाहिजे म्हणे. म्हणून यायनं गाडी खाली बसवली अन् कडक स्प्रिंगा टाकल्या. झटके जिरवणारे शॉकअप तेच, जुने.

पलंग नवा अन् पाय मोडके.

सदर बाजारात सोनाराकडे निघालो. मंगळसूत्राची वाटी सुटली होती. पहिल्याच ब्रेकरवर गाडीचं पोट घासलं. पुढच्या खड्ड्यात माझं डोकं छताले. गाडी बेडकासारखी उड्या मारून राहिली, मागून स्कूटीवाले हॉर्न देऊन राहिले.

म्हटलं, थांबवा.

उतरली. ऑटो केला. घरी आली.

मागून हे आले अन् म्हणतात, स्प्रिंग तर बरोबर होती.

"तुमच्या स्प्रिंगायनं जिंदगीभर कोळसा वाहिला," मी म्हटलं. "कोळसा तक्रार करत नाही. मी करते. आता मी त्या गाडीत बसत नाही."

नाहीच बसली.

हे एकटेच नवा रायपूरकडे जात. तिकडचे रस्ते मोठे, रिकामे. थोड्या वेळात तोंड पाडून वापस. डाव्या सीटवर पाने-पेचकस ठेवाले लागले. ते काही मले पाहवलं नाही.

एक दिवस म्हणतात, चालत्या गाडीत नको बसू. उभ्या गाडीत तर बस.

अन् शंकर नगरच्या गॅरेजात घेऊन गेले.

गॅरेजवाला साहू भैया. त्यानं सगळं नवीन लावलं होतं. स्प्रिंग अन् शॉक एकातच, पिळून गाडी वर-खाली करता येते. अन् प्रत्येक शॉकच्या डोक्यावर एक बटन. डावीकडे फिरवलं की नरम, बाजारासाठी. उजवीकडे फिरवलं की कडक, ट्रॅकसाठी.

आता चाकायचं माप घ्यायचं होतं. त्याच्यासाठी सीटवर वजन लागते म्हणे, नाहीतर माप चुकते.

साहू म्हणे, दीदी को काहे तकलीफ, बोरी रख देते हैं. अन् ट्रॅक पे तो आप अकेले ही जाओगे, बाजू में वो भी नहीं लगेगी.

हे म्हणाले, "बोरी थोडीच बसणार हाय माझ्याबाजूले."

साहू म्हणे, हव.

बसलो दोघं. गाडी रॅम्पवर चढवलेली, चारही चाकायले मशीन लटकलेलं. फुकट काहून बसू, मी मेथीची जुडी नेली होती. निवडून राहिली.

हलू नको म्हणे.

म्हटलं, न हलता मेथी निवडून दाखवा.

हसले. पोट हललं, माप गेलं. साहूनं पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळी बटनं नरम करून गाडी रस्त्यावर काढली, मी मांडीवर ताकाचा तांब्या घेऊन बसली. बिनझाकणाचा. सांगून टाकलं, सांडलं तर पुन्हा कधीच बसत नाही.

ब्रेकर आले, गेले. हे अशी गाडी चालवून राहिले जसा आत मोठा साहेब बसला हाय. नवा रायपूरच्या एका गोल चौकात जरासं सांडलं.

पदरानं पुसून टाकलं. त्यायनं नाही पाह्यलं.

मंग सगळीकडे बसली. भाजीले, लग्नाले, दवाखान्यात.

ट्रॅकवरही गेली. हे हेल्मेट घालत, बटनं कडक करत, एकटेच फिरत. मी झाडाखाली थर्मास घेऊन. पोट्टे म्हणत, अंकल, दोघांच्या वजनावर सेट केली, एकट्यानं थोडी तिरपी पळते, टाइम जातो तुमचा.

हे म्हणत, जाऊ दे न. घरी तर दोघंच जातो.

फिरून आले की आधी बटनं नरम करत. पुढची दोन बोनेटखाली, मागची दोन डिक्कीत. मंग मले हाक, माझं उत्तर माहीत असून. दर वेळी तेच.

"सुमन, एकदा कडकमधे बसून पाह."

मी म्हणायची, चला घरी, पोळ्या करायच्या हाय.

आज सकाळी पोरगी आली. म्हटलं, गाडी काढ.

बोनेट मीच उघडलं. बटनं नरमच होती, त्यायनं ठेवली तशी.

चारही उजवीकडे फिरवली.

पोरगी म्हणे, मम्मी, कमर जाएगी आपकी.

जाऊ दे म्हटलं.

तोच ताक सांडलेला गोल चौक. गाडी जराही झुकली नाही. रस्ता जसा हातानं चाचपून पाहावा, तसा खडा न् खडा खालून समजून राहिला. पोरगी म्हणे, बस करो न मम्मी. म्हटलं अजून एक चक्कर.

मंग अजून एक.

घरी येऊन बटनं नरम केली, मंग पाठ शेकत बसली. दुखून राहिली हाय. दुखू दे.

खाली तुम्ही हात जोडलेली चित्रं टाकसान, श्रद्धांजली लिवसान. लिवा, त्यायले पोचेल.

माझं एवढंच.

अहो, बसली मी कडकमधे.

मस्त हाय.

आता आरामात झोपा.