पुंजाजींची बिडी आणि जयमालाची पिंडरी

सुलतानपूरची जयमाला सतरा वर्षांत सासऱ्याशी, पुंजाजींशी, एक वाक्यही थेट बोलली नव्हती. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. स्वयंपाक झाला की ती लेकीला म्हणायची, "छकुले, आजोबाले सांग, ताट वाढलं." पुंजाजी चार हातांवर बसलेले असायचे, दोन्ही कान शाबूत, तरी छकुलीनं तेच पुन्हा सांगितल्याशिवाय उठायचे नाहीत. छकुली शाळेत असली की हा निरोप मांजरीला सांगितला जायचा.

म्हातारा स्वभावानं गरीब. खोड एकच. चुलीतल्या निखाऱ्यावर बिडी पेटवायची आणि तिथंच पाटावर बसून ओढायची, दिवसाला बंडल तरी. स्वयंपाकघराला एवढीशी खिडकी. जयमाला भाकरी थापायची, धूर गिळायची आणि गप्प राहायची.

दिवाळीनंतर तिची डावी पिंडरी, म्हणजे पोटरी, दुखू लागली, मग सुजली. तेल चोळून तिनं चार दिवस अंगावर काढले. शेवटी नवरा, सहदेव, तिला एसटीनं लोणारला दवाखान्यात घेऊन गेला.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. जयमालानं जमिनीकडे बघत सांगितलं. पाळणा थांबवायच्या, सहा वर्षांपासून. सहदेव मेडिकलमधून आणून द्यायचा. वय सदतीस. "घरात कुणी धूम्रपान करतं का?" बाईंनी पुढं विचारलं.

"नाही जी," तिनं ठासून सांगितलं. यात ती खोटं बोलत नव्हती. म्हाताऱ्या माणसाची बिडी कुणी धूम्रपानात धरतं का?

बीपी मोजायला वाकलेली नर्स काजल मात्र थबकली. "ताई, तुमच्या पदराले तर बिडीचा वास येऊन राह्यला!"

मग सगळं बाहेर आलं. बीपीही वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या या गोळीनं रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका थोडा वाढतो. पस्तिशी उलटली, त्यात बीपी, म्हणजे आणखी. दुसऱ्याच्या बिडीचा धूरही हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना त्रास देतोच. ओढणाऱ्याइतका नाही, पण तुम्ही तो रोज घेताय. पायात गुठळी असली आणि फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आजच मेहकरला जाऊन सोनोग्राफी करा."

मेहकर येईपर्यंत जयमालाचा जीव टांगणीला लागला होता. आपण गेलो तर छकुलीची वेणी कोण घालेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

गुठळी नव्हती. कापूस वेचताना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय मुरगळला होता, तेव्हा स्नायू दुखावला होता, एवढंच. जयमाला तिथंच बाकावर बसून ढसाढसा रडली.

"आता काऊन रडून राह्यली?" सहदेव म्हणाला, आणि स्वतःचेच डोळे बाहीला पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी लोणारला गोळ्या बंद झाल्या, त्यांच्या जागी तांबी बसवली. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, गोळी गेली तरी धूर वाईटच. तो घराबाहेर काढा.

"बाबाले तुम्हीच सांगा," जयमाला वाटेत म्हणाली.

"मी? गोळ्यायचं सांगू बाबाले? मले नाही जमत." एरवी ग्रामसभेत टेबल आपटणारा गडी एसटीच्या खिडकीबाहेर बघू लागला.

सकाळी पुंजाजी पाटावर येऊन बसले. बिडी ओठात, चिमटा हातात. छकुली शाळेत गेलेली. जयमालाला भीती वाटत होती, पण मेहकरच्या वाटेवर ती याहून जास्त घाबरली होती. उंबऱ्यावर झोपलेल्या मांजरीकडे बघून ती म्हणाली,

"मने, मामाजीले सांग. डॉक्टरीणबाई म्हणे, घरातल्या धुरानं माह्या जिवाले धोका हाये. पायात गुठळी असती तं मी आज इथं नसती. मले लय भेव वाटते."

मांजरीनं जांभई दिली. पुंजाजींनी चिमटा खाली ठेवला. बिडी ओठातून काढली, कानावर खोचली, पाट बगलेत मारला आणि ते उठून अंगणातल्या निंबाखाली गेले. जयमालाला वाटलं, दुखावले.

थोड्या वेळानं अंगणातून आवाज आला. "मने, तिले विचार..." म्हातारा तिथंच अडखळला. मग घसा खाकरून, पहिल्यांदाच सरळ दाराकडे तोंड करून म्हणाला,

"जयमाला, पाय कसा हाये वं तुहा?"

"बरा हाये, मामाजी," ती म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपली होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. म्हाताऱ्याला आपलं नाव ठाऊक आहे, हे तिला सतरा वर्षांनी आज कळलं होतं.