लाल क्रेटवाले साडूभाऊ

माझ्या साडूभाऊंच्या लेखी या जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच प्रकार होते : पास आणि रिजेक्ट. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार नटबोल्ट तपासले. जरा शंका आली की माल लाल क्रेटमध्ये. निवृत्तीनंतर क्रेट मागे राहिला, नजर तेवढी घरी आली. कात्रपच्या बाजारात नारळ कानाशी धरून असे ऐकत, जणू आतून कुणाचा फोन आलाय. सोनिवलीत फ्लॅट बघायला गेले, तर खिशातली गोटी काढून फरशीवर सोडली. ती घरंगळत बिल्डरच्या बुटाशी थांबली आणि व्यवहारही तिथेच थांबला. उल्हासनगरात ते पॅन्टची शिवण उसवून बघायला लागले तेव्हा सिंधी दुकानदार हात जोडून म्हणाला, "साईं, पॅन्ट लेनी है या पोस्टमार्टम करना है?"

अशा ठणठणीत माणसाला पासष्टीला काय द्यावं? मी, अतिशहाणा, संपूर्ण शरीरतपासणीचं पॅकेज दिलं. वर विनोदही केला, "एकदा तुमचाही माल कुणी तपासू दे!" एकावर एक मोफत होतं. मोफतचं कूपन मी स्वतःसाठी ठेवलं आणि घाबरून वापरलंच नाही.

पॅकेजात प्रोस्टेटची रक्ततपासणी होती. आकडा रेषेच्या किंचित वर. मग सुईने तुकडे काढले. एकात बारीकसा कॅन्सर. एक डॉक्टर म्हणाले, "हा बहुधा जन्मभर झोपून राहील. लक्ष ठेवू. काही त्रास नव्हता तर तपासायलाच कशाला गेलात?" दुसरे म्हणाले, "नशीबवान आहात, वेळेत कळलं. काढून टाका." ताई, म्हणजे त्यांची बायको, रडकुंडीला आली. "लक्ष ठेवूया ना हो!"

"अगं, शंकेचा माल मी आयुष्यात पुढे सोडलेला नाही," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला, आणि लघवीवरचा ताबाही गेला. त्याला आता दीड वर्ष झालं. फिरणं बंद, बाजार बंद, लग्नकार्यं बंद. भेटेल त्याला मात्र सांगतात, "आमच्या या साडूंमुळे वाचलो." मी मान खाली घालतो, लोकांना तो विनय वाटतो. खरंच वाचले, की त्या कॅन्सरने कधी त्रासच दिला नसता आणि मी एका धडधाकट माणसाला वाढदिवसाची भेट म्हणून डायपर दिला, हे आता कुणालाच कळायचं नाही.

परवा कितीतरी महिन्यांनी आमच्याकडे आले. बसण्याआधी पिशवीतून वर्तमानपत्र काढून सोफ्यावर अंथरलं. "कारखान्यातली सवय," म्हणाले. कारखान्यात सोफा नव्हता. मी कपाटातलं ते मुदत संपलेलं कूपन काढून त्यांच्या हातात ठेवलं.

"साडूभाऊ, ही तपासणी मी करून घेऊ का?"

त्यांनी कूपन उजेडात धरलं, उलटं केलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तीस वर्षांत या माणसाला निकाल द्यायला इतका वेळ लागला नसेल.

"नाही सांगता येत हो," शेवटी म्हणाले.

मी त्यांच्या पिशवीतलं उरलेलं पान घेतलं, शेजारी अंथरलं आणि त्यावर बसलो.

"वाकडं घातलंत," साडूभाऊ म्हणाले, आणि वाकून त्यांनी माझ्या पानाचा कोपरा सरळ केला.