वजन म्हणून दिलेलं खत

ढिगावरचं पोतं खांद्यावर घेतलं आणि मला वास आला. लेक म्हणाली होती, वजनाला वाळू देतात. शिवणीतून बोट घालून बघितलं, तर चांगलं मुरलेलं शेणखत.

"हा आपल्याकडनं रानातलं काम करून घेतोय," मी मेहुण्याच्या कानात म्हणालो.

हा म्हणजे निवृत्त फौजी. सगळे त्यांना मेजर म्हणत. वरकुट्याजवळच्या स्वतःच्या माळावर त्यांनी लष्करी पद्धतीची कसोटी ठेवली होती. चौघांची टीम, प्रत्येकाच्या खांद्यावर पोतं. एकाचं जरी खाली टेकलं तरी सगळी टीम बाद. कोऱ्हाळ्याहून मी, बायको आणि लेक, शेळगावहून मेहुणा. पोलीस भरतीत लेक धावता धावता मैदान सोडून बाहेर आली होती. तेव्हापासून घरात तो विषय निघत नसे. तिला एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत न्यायचं होतं. बाकी आम्ही तिघं नुसती टीम भरायला. माझं पोट बघून मेजर म्हणाले, "तुमी निम्मं वजन घरनंच आणलंय की!"

ओढ्यात उतरवून त्यांनी पायानं दगड बाजूला सारायला लावले. "बघ, ओढा साफ करून घेतला," मी मेहुण्याला म्हणालो. पुढं ढेकळांतून चालवलं. "रान तुडवून घेतलं."

मेहुणा म्हणाला, "दाजी, आमच्या आबांनी येवढं काम सांगितलं असतं, तर तुमी कंबर धरून बसला असता." आबा म्हणजे माझे सासरे.

उतारानं खाली आलो, तर डाळिंबाची बाग. प्रत्येक झाडाबुडी ताजं आळं उकरलेलं. आणखी काय पुरावा पाहिजे? मी बांधावर थांबलो.

"आता हितं ओतायला लावणार. मी काय सालगडी हाय का?"

पोतं खांद्यावरून घसरायला लागलं. लेकीकडं बघितलं. भरतीच्या मैदानातून बाहेर येताना असाच चेहरा होता तिचा.

"पप्पा, ओत म्हणले तर ओतू. पण खाली ठेवू नका."

"घरी तर कधी एका झाडाला खत घातलं न्हाय," बायको म्हणाली. "हितं तरी घाला."

मी पोतं वर सरकवलं. मेजरांनी मात्र बागेकडं ढुंकूनही बघितलं नाही. "मागं फिर! परत ढिगाकडं!"

तो चढ कसा चढलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा. लेक पुढं होती, एकदाही थांबली नाही. ढिगापाशी चारही पोती, जिथून उचलली तिथंच पडली.

"झालं," मेजर म्हणाले.

लेक गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत हसत होती. मला काही ते पटेना.

"मेजर, खत जागच्या जागीच? आन बाग?"

"बागंला ट्रॅक्टर हाय की."

म्हणजे माझा संशय खोटा. खरा असता तर बरं झालं असतं. एवढं वाहून एका झाडाला मूठभर मिळालं नाही, हे मला बघवेना. मी पोतं परत खांद्यावर घेतलं.

"निदान माझं तरी ओतून येतो."

लेकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पप्पा, संपलं. आता ठेवा खाली."