पिवळा फॉर्म आणि मॅक्सिनचे केस

व्हर्नेटा गॅड्सनच्या पार्लरमध्ये खुर्च्या चार, ड्रायर तीन, आणि तोंडं किती याला गणतीच नाही. साउथ कॅरोलायनातल्या पाइनफोर्ड गावातल्या झाडून सगळ्या काळ्या बायका शुक्रवारी तिच्याकडे यायच्या आणि केस धुता धुता गावाची धुणीही धुवायच्या. व्हर्नेटा शाळेत असताना बाईंनी तिला सांगितलं होतं, "तुझा हात चांगला आहे, डोक्याचं काम दुसऱ्यांना करू दे." तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या डोक्याचंच काम करत होती.

तिची मुलगी नाडीन तेरा वर्षांची. केसांच्या रंगाची बाटली अर्धी उरली तर त्यात औषध किती मिसळायचं, हे ती झाडू मारता मारता तोंडी सांगायची. सातवीत गणितात चौऱ्याण्णव मिळवले होते पोरीनं. म्हणून १९९४च्या मे महिन्यात शाळेचं पत्र आलं, की आठवीत नाडीन बीजगणिताला नाही, 'साध्या गणिता'च्या तुकडीत बसेल, तेव्हा व्हर्नेटाला वाटलं, टाइप करणारीनं डुलकी काढली असेल. ती शाळेत गेली.

कोणी कुठल्या तुकडीत बसायचं ते मिस्टर हॉलिंग्ज ठरवायचे. गोरेपान, गुबगुबीत, बोलणं लोण्यासारखं.

"हे बघा मिसेस गॅड्सन, मार्क म्हणजे सगळं नसतं. त्या वर्गात नाडीनला जरा मोकळं वाटेल."

"का? तिथं खिडक्या जास्त आहेत?"

"तसं नाही. तिच्यासारखी मुलं आहेत तिथं."

"चौऱ्याण्णववाली?"

हॉलिंग्जना खोकला आला.

परतताना व्हर्नेटा बीजगणिताच्या वर्गात डोकावली. निम्मी शाळा काळी, पण इथं सव्वीस मुलांत दोनच काळी, भातात मिरे पडावेत तशी. 'साध्या गणिता'च्या वर्गात बरोब्बर उलटं. तिथली घोड्याएवढी मुलं कागदावरच्या घड्याळात रंग भरत बसली होती.

शुक्रवारी अर्लीन ड्रायरखाली बसली होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, त्यामुळे शाळेतलं तिला सगळं ठाऊक. ड्रायरच्या घरघरीत स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे अर्लीन जे कुजबुजली ते रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यानंही ऐकलं.

"अगं, त्या दातांच्या डॉक्टरच्या पोराला एक्क्याऐंशीच होते! त्याच्या आईनं पिवळा फॉर्म भरला नि पोरगं बीजगणितात!"

"कसला पिवळा फॉर्म?"

"तुकडी बदलून मागायचा! हॉलिंग्जच्या खणात असतो! मागेल त्यालाच मिळतो!"

"आणि तो आहे हेच माहीत नसेल तर मागणार कोण, कपाळ?" व्हर्नेटा म्हणाली. चारी खुर्च्यांवरच्या माना वळल्या. तिथं बसलेल्या प्रत्येकीचं पोर घड्याळं रंगवत होतं.

सोमवारी व्हर्नेटानं फॉर्म मागितला. एकच मिळाला. चर्चच्या मशीनवर तिनं त्याच्या प्रती काढल्या, पण पिवळा कागद नव्हता. ईस्टरच्या कार्यक्रमपत्रिकेचा उरलेला हिरवा होता, कडेनं ससे छापलेला. अट अशी, की पालकानं हॉलिंग्जसमोर सही करायची, शुक्रवारी चारच्या आत. बायका गुरुवारी गेल्या, तर साहेब रजेवर.

शुक्रवारी पार्लरमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, कारण रविवारी चर्चचा वाढदिवस होता. साडेतीनला अर्लीनचा फोन आला. "आलाय तो! पण निघायच्या तयारीत आहे!"

"चला!" व्हर्नेटा ओरडली.

एकोणीस बायका उठल्या. कुणाच्या डोक्यात रोलर, कुणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. मॅक्सिन टॉलिव्हरच्या डोक्याला केस सरळ करायचं औषध नुकतंच चोपडलं होतं.

"मॅक्सिन, तू बस इथं. वीस मिनिटांत धुतलं नाही तर केस माझ्या हातात येतील."

"माझी जुळी आहेत त्या वर्गात. केस काय, परत उगवतील."

एवढी वरात पाहून हॉलिंग्ज खुर्चीतून अर्धे उठले ते तसेच राहिले. औषधाच्या वासानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"हे फॉर्म पिवळे नाहीत," ते म्हणाले.

"पिवळाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

"आणि हे ससे..."

"सशांचं मी बघते. तुम्ही सह्या बघा." व्हर्नेटानं अंडी उकडायचं घड्याळ त्यांच्या टेबलावर आपटलं. मॅक्सिनच्या वीस मिनिटांतली आठच उरली होती.

हॉलिंग्ज एकेक नाव गोगलगाईच्या गतीनं तपासू लागले. सहाव्या फॉर्मला मॅक्सिन एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली. "व्हर्नेटा, चावतंय गं! आई गं, पेटलं!"

शेजारी प्रयोगशाळा होती आणि तिथं नळ होता. व्हर्नेटानं मॅक्सिनचं डोकं त्याखाली घातलं. तिथूनच ती ओरडली, "साहेब, शिक्का घेऊन इकडेच या! हिची सही राहिलीय." हॉलिंग्ज आले. मॅक्सिननं वाकल्या वाकल्या जुळ्यांच्या दोन्ही फॉर्मांवर सही केली, हॉलिंग्जनी भिजलेले फॉर्म टायनं पुसले आणि शिक्का मारला. चारला दोन मिनिटं असताना शेवटचा ससा मंजूर झाला.

ऑगस्टमध्ये बीजगणिताचे दोन वर्ग करावे लागले. मॅक्सिनच्या जुळ्यांपैकी एकानं महिन्याभरात हात टेकले, दुसरा टिकला. नाडीनला पहिल्या परीक्षेत एकसष्ट मिळाले. ती बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडली. दाराबाहेर उभ्या व्हर्नेटाच्या मनात क्षणभर आलं, हॉलिंग्जचंच खरं असलं तर? हे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नाही. ती दारावर थाप मारून एवढंच म्हणाली, "बाहेर ये. एक्क्याऐंशीवाला तरी कुठं रडतोय? त्याला अठ्ठावन्न आहेत, अर्लीननं सांगितलं." दार उघडलं. वर्षाअखेर नाडीनचे अठ्ठ्याऐंशी झाले.

पुढच्या वर्षी शाळेनं फॉर्म पांढरा केला आणि त्यावर गणिताच्या बाईंचीही सही लागेल असं ठरवलं. बाई गोऱ्या, केस उंदराच्या शेपटीएवढे. व्हर्नेटानं त्याच दिवशी त्यांना फोन लावला.

"बाई, तुम्ही केस कुठं करून घेता हो?"