शिमग्यातली एक बोंब

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. परवा लग्नाला म्हणून गेलो, भलत्याच मांडवात शिरलो, अनोळखी जोडप्यावर अक्षता टाकल्या आणि वर दोनदा जिलेबी मागून घेतली — ते नव्हे. ते सगळ्या रेवदंड्याला ठाऊक आहे. सांगायचंय ते वेगळं. कसं सांगू?

तरुणपणी मला लग्नं जुळवायचा नाद होता. जुळवलेलं लग्न एकच, तेही माझ्याविना जमलंच असतं. पण ऐट केवढी! माझा मित्र दामू माडावर चढून नारळ पाडायचा. मुखदुर्बळ माणूस. शेजारच्या आळीतली यमुना येता-जाता आमच्या पडवीकडे बघायची. पडवीत मी आणि दामू. म्हणजे बघते ती दामूकडेच — मी ठरवून टाकलं. त्याला विचारलं नाही. तिला तर कशाला विचारायचं?

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. शिमग्याला आमच्याकडे होळीभोवती कुणाच्याही नावानं बोंब मारतात. कुणी मनावर घेत नाही — असं मला वाटायचं. धुरात उभा राहून मी ओरडलो, "यमुना दामूचीऽऽ!"

लोक हसले. तिचे भाऊ हसले नाहीत.

थोरल्यानं होळीतलं जळकं लाकूड ओढलं आणि दामूच्या तोंडावर हाणलं. तो पडला. धाकटा छातीवर बसून बुक्क्या घालू लागला. दात तुटले, रक्त वाळूत गेलं. मग थोरल्यानं त्याचा उजवा हात दगडावर दाबला आणि लाकूड पुन्हा उचललं. तो आवाज — सुकी फांदी मोडावी तसा.

"कोन बोंबल्ला? तूच ना रं?"

दामूनं माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. मी त्याच्या खांद्याशीच तर उभा होतो. "मी न्हाय," एवढंच म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. थोरला माझ्याकडे वळला.

"धूर होता," मी म्हणालो. "दिसला न्हाय."

मग त्यांनी त्याला आणखी मारलं.

दामू पुन्हा माडावर चढला नाही. आणि मी? वर्षभरानं यमुनेच्या बापानं तिला मलाच दिली — पोरगा गरीब, कुणाच्या भानगडीत नसतो म्हणून! दामूनं आमच्यावर अक्षता टाकल्या. डाव्या हातानं.

एवढं लिहून यमुनेला वाचून दाखवलं. ती बांगडे साफ करत होती. हात थांबला नाही.

"बोंबेतला तुमचा आवाज मला तवाच कळला व्हता," ती म्हणाली. "पडवीकडं बघायची ती तुमच्यासाठी. म्हनून गप ऱ्हायले. तुमचा हात वाचला. दामूचा मोडताना बघत व्हते."